किमान वेतन वाढले की काम कुणाचे जाते?

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या मये गावातून सकाळी चार माणसे कामाला बाहेर पडली, तर त्या चौघांच्या मजुरीची खालची मर्यादा चार वेगवेगळ्या आदेशांनी ठरलेली असते. लोहखनिजाच्या खाणीवर जाणाऱ्याचा दर केंद्र सरकार ठरवते, कारण खाणी केंद्राच्या अखत्यारीत येतात. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला जाणाऱ्या मुलीचा दर गोवा सरकारच्या अधिसूचनेतून येतो. रोजगार हमीच्या कामावर माती ओढणाऱ्या बाईचा दर पुन्हा केंद्राचा, पण वेगळ्या कायद्याखालचा. २०२३-२४ साली तो गोव्यासाठी ३२२ रुपये होता, २०२४-२५ साली ३५६ झाला. चौथा आहे बी.कॉम. होऊन एखाद्या कंपनीत ॲप्रेंटिस म्हणून लागलेला तरुण. त्याला किमान वेतन लागूच होत नाही. शिकाऊ उमेदवारांसाठीच्या २०१९ च्या नियमांनी पदवीधराला महिन्याला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवले. महिन्याचे २६ दिवस धरून भागले तर रोजचे ३४६ रुपये होतात. म्हणजे २०२४-२५ साली कायद्याच्या कागदावर पदवीधर उमेदवाराचा किमान दिवस माती ओढण्याच्या दिवसापेक्षा दहा रुपयांनी स्वस्त होता.

पुष्कळ कंपन्या यापेक्षा जास्त देतात, आणि मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने या रकमांत ३६ टक्के वाढ सुचवली, हे इथेच सांगायला हवे. तरी ते कोष्टक एकदा नजरेखालून घालण्यासारखे आहे. पाचवी ते नववी शिकलेल्याला ५,०००, दहावी झालेल्याला ६,०००, बारावी झालेल्याला ७,०००, डिप्लोमावाल्याला ८,००० आणि पदवीधराला ९,०००. दहावीनंतरची पाच वर्षे आईबापांनी पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या मुलाला त्या शिक्षणाबद्दल महिन्याला तीन हजार रुपये जास्त.

किमान वेतनाची चर्चा निघाली की एक वाक्य ठरलेले असते: मजुरी फार वाढवू नका, नाहीतर अडाणी आणि कमी शिकलेल्यांचेच काम जाईल. कारखानदार हे बोलतात, आणि मजुरांच्या बाजूची माणसेही कधी कधी मान डोलावतात. हे खरे आहे का, किती खरे आहे आणि कुठे खरे आहे, हे डिचोली-पेडण्यात राहणाऱ्यांनी नीट समजून घेणे गरजेचे आहे. कारण आपल्याकडे शिकलेले बेकार भरपूर आहेत आणि न शिकलेल्यांना काम आहे, पण ते बहुतेक कायद्याच्या नजरेआड. २०२२-२३ च्या केंद्राच्या श्रमबल पाहणीत देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, गोव्याचा ९.७. त्याच पाहणीत देशभरच्या पदवीधरांमध्ये तो १३.४ टक्के निघाला आणि निरक्षरांमध्ये एक टक्क्याच्याही खाली. निरक्षर माणसाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या दराने मिळेल ते काम धरतो. पदवीधर घरच्या आधारावर काही काळ थांबू शकतो, म्हणून आकडेवारीत दिसतो.

किमान वेतनाचा मूळ कायदा १९४८ चा. त्यातला 'किमान' म्हणजे किती, हे १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने ठरवले: कामगाराचे कुटुंब तीन प्रौढ माणसांइतके धरायचे, प्रत्येकी रोज २,७०० उष्मांकांचे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि इंधन-दिवाबत्तीसाठी एकूण रकमेचा पाचवा हिस्सा. या हिशेबात मुलांची शाळा नव्हती. रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत. त्याआधी १९८२ मध्ये दिल्लीच्या एशियाड बांधकामांवरच्या मजुरांबाबत याच न्यायालयाने म्हटले होते की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही वेठबिगारी आहे. या दोन निकालांमुळे किमान वेतनाला माणसाच्या हक्काचे स्थान मिळाले. म्हणून 'मजुरी वाढवू की नको' या प्रश्नाला माझ्या लेखी एकच उत्तर आहे, वाढवलीच पाहिजे. खरा अभ्यास करायचा तो वाढीनंतर कोण आत राहतो आणि कोण बाहेर पडतो याचा.

पाठ्यपुस्तकातले गणित सोपे आहे. वस्तू महागली की ती कमी खपते, तसे श्रम महागले की मालक कमी माणसे ठेवतो. ज्याची बाजारातली मजुरी आधीच मर्यादेच्या वर आहे, त्याला धक्का नाही. ज्याची खाली आहे, म्हणजे बहुधा कमी शिकलेल्याची, त्याचीच नोकरी धोक्यात. हे गणित एका गृहीतावर उभे आहे: मालक पुष्कळ आहेत आणि मजूर एकाकडून उठून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो.

मये-शिरगाव-डिचोलीच्या खाणपट्ट्यात हे गृहीत कधी खरे होते? इथे कित्येक दशके पगारी काम म्हणजे खाण, खाणीचा ट्रक, खाणीचे गॅरेज आणि खाणीच्या माणसांना चहा देणारा गाडा. जमिनीचा आधारही मयेकरांना पक्का नव्हता. गोवामुक्तीनंतर इथल्या पोर्तुगीजकालीन मालकाची मालमत्ता १९६४ च्या कायद्याखाली 'कस्टोडियन'च्या ताब्यात गेली, आणि पिढ्यान्पिढ्या ज्या घरात राहिले, जी बागायत केली, तिच्या मालकीचा कागद लोकांच्या हाती नव्हता. तो देण्यासाठीचा कायदा २०१४ साली आला. कागद नसला की बँकेचे कर्ज नाही, कर्ज नसले की स्वतःचा धंदा नाही, धंदा नसला की मजुरी घासाघीस करून घेण्याची ताकद नाही. अशा ठिकाणी मालक मजुरी देतो ती मजुराच्या कामाच्या मोलाइतकी नसते, त्याला दुसरीकडे जाता येत नाही एवढ्यापुरती असते. जोन रॉबिन्सन या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३३ सालीच हे मांडून ठेवले होते: श्रमाचा खरेदीदार एकटा असेल, तर मजुरी आणि नोकऱ्या दोन्ही असायला हव्यात त्यापेक्षा कमी राहतात. तिथे कायद्याने मजुरी बेताची वाढवली तर नोकऱ्या कमी होत नाहीत, उलट वाढूही शकतात, कारण कमी दरामुळे घरी बसलेली माणसे कामाला येतात.

एकाच मालकाच्या आधाराचा दुसरा धोका आपण सोसलाच. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधल्या काळात थोड्या सुरू झाल्या, ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्टे रद्द झाले आणि त्याच वर्षी मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा बंद. लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि डिचोलीचा पट्टा २०२४ च्या एप्रिलात सुरू झाला. या काळात नोकऱ्या गेल्या त्यात किमान वेतनाचा काहीही हात नव्हता. परवाने, न्यायालय आणि चिनी मागणी यांनी जे केले, त्याच्या तुलनेत रोजात झालेली पन्नास-शंभराची वाढ ही फार लहान गोष्ट आहे.

जगात याचा पडताळा कसा घेतला गेला, तेही बघू. अमेरिकेत न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया ही शेजारची राज्ये. एप्रिल १९९२ मध्ये न्यू जर्सीने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ केले, पेनसिल्व्हेनियाने केले नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंच्या ४१० फास्ट-फूड दुकानांत वाढीआधी आणि वाढीनंतर माणसे मोजली. न्यू जर्सीत नोकऱ्या घटल्या नव्हत्या. या निष्कर्षावर वर्षानुवर्षे वाद झाले. कार्ड यांना २०२१ साली नोबेल मिळाले, तोवर क्रूगर हयात नव्हते. पुढे चार संशोधकांनी १९७९ ते २०१६ या काळातल्या राज्यपातळीवरच्या १३८ वाढी एकत्र तपासल्या. जुन्या दराच्या जेवढ्या नोकऱ्या नाहीशा झाल्या, जवळजवळ तेवढ्याच नव्या दराला आणि किंचित वर उभ्या राहिल्या. शालान्त शिक्षण पूर्ण न केलेल्यांचा वेगळा हिशेब मांडला, तरी चित्र तेच.

म्हणजे भीती निराधार? इतक्यावर थांबलो तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. त्याच अमेरिकेत जेफ्री क्लेमेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली एक वेगळी गोष्ट दाखवली. त्यांनी नोकरीच्या जाहिराती तपासल्या. किमान वेतन वाढल्यावर कमी पगाराच्या कामांच्या जाहिरातींत 'शालान्त परीक्षा उत्तीर्ण' ही अट जास्त वेळा दिसू लागली. काम तेच, पगार थोडा जास्त, पण दारावर दाखला मागणारा उभा. सिएटल शहरात किमान वेतन तेरा डॉलरपर्यंत चढले, तेव्हा आधीपासून कामावर असलेल्या अनुभवी माणसांचा फायदा झाला, पण नव्याने काम मागायला येणाऱ्यांना आत शिरणे अवघड झाले. एकूण नोकऱ्यांची संख्या मोजली तर हे दिसतच नाही. संख्या तीच राहते, आतली माणसे बदलतात.

गोव्यासाठी मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. डिचोलीत वाणिज्य महाविद्यालय आहे, पेडण्यात विर्नोड्याला संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय आहे, आयटीआय आहेत. दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. सरकारी नोकरीची जाहिरात येईपर्यंत घरी थांबलेली ही रांग कारखान्याच्या फाटकापासून फार लांब नाही. हेल्परचा दर वाढला की मालकाला वाटते, इतके पैसे द्यायचेच आहेत तर निदान बारावी झालेला घेऊ, रजिस्टर तरी नीट लिहील. त्यात त्याचे चुकते असे म्हणता येणार नाही, पण आठवीत शाळा सुटलेल्या बाईसाठी ते फाटक त्या दिवशी बंद होते. दिल्लीच्या किमान वेतनाच्या कोष्टकात तर कारकुनी आणि देखरेखीच्या कामांसाठी शिक्षणाच्या पायऱ्याच दिल्या आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या दरांत अकुशल कामगाराला महिना १८,०६६ रुपये, दहावी न झालेल्या कारकुनाला १९,९२९, दहावी झालेल्याला २१,९१७ आणि पदवीधराला २३,८३६. सर्वांत खालच्या आणि सर्वांत वरच्या पायरीत एक तृतीयांशाचाही फरक नाही. पायऱ्या इतक्या जवळ असल्या की वरच्या पायरीवरच्याला खालच्या जागेवर घेणे मालकाला सोपे जाते, आणि घरी बसून कंटाळलेला पदवीधरही ती जागा घेतो.

गोव्याच्या अधिसूचनेत पायऱ्या आहेत त्या अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा. २०१६ साली अकुशल कामगाराचा मूळ दर दिवसाला ३०७ रुपये झाला, त्यावर महागाई भत्ता चढत जातो. कौशल्य आणि शाळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याकडे कुणालाही पटेल. नारळ पाडणाऱ्या पाडेल्याला बोलावून बघा. तो झाडामागे पैसे घेतो, सकाळच्या चार तासांत कारकुनाच्या दिवसाइतके कमावतो, आणि त्याची तारीख मिळवायला भाटकारालाच, म्हणजे बागेच्या मालकालाच, थांबावे लागते. त्याच्या बाबतीत किमान वेतनाचा संबंधच येत नाही, कारण चढणारी माणसे उरली नाहीत. पोकलेन चालवण्यात वाकबगार पण आठवीपर्यंतच शिकलेला खाणीवरचा ऑपरेटर हाही कुशलच. फक्त त्याच्या कौशल्याचा कागद नाही, आणि कागद नसलेले कौशल्य पगारपत्रकावर अर्धकुशल होऊन बसते.

आता काजूच्या कारखान्यात जाऊ, कारण डिचोली तालुक्यात आणि सीमेपलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ल्यात कमी शिकलेल्या बायकांचे पगारी काम म्हटले की आधी काजू आठवतो. बिया वाफेवर शिजवतात, एक रात्र निवू देतात. मग कापणीच्या टेबलावर एकेक बी पात्यांमध्ये धरून पायाने पेडल दाबायचे, टरफल उकलायचे आणि सुईसारख्या अवजाराने गर अखंड बाहेर काढायचा. टरफलात जे तेल असते ते कातडी जाळते. बोटांना खोबरेल किंवा राख चोळून बसावे लागते, तरी काळे डाग जात नाहीत. पुढे गर भट्टीत वाळतो, मग सोलणाऱ्या बायका छोट्या सुरीने तांबूस साल काढतात, आणि शेवटी प्रतवारी. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अखंड गर बसले पाहिजेत. डब्ल्यू-२४० त्याहून मोठा, डब्ल्यू-१८० आणखी मोठा. गर मोडला की तुकडा, आणि तुकड्याचा भाव पडतो. प्रतवारीला बसलेली बाई हातावर घेतल्या घेतल्या नंबर सांगते. या नजरेला आणि या बोटांना कुठल्याही शाळेचे प्रमाणपत्र नाही.

हे काम बहुतेक ठिकाणी किलोवर चालते. समजा, सोललेल्या गराला किलोमागे ४० रुपये मिळतात आणि एक बाई दिवसभरात आठ किलो सोलते. तिचे ३२० रुपये झाले. ठरलेला किमान दर समजा ४२० असेल, तर तिला साडेदहा किलो सोलावे लागतील. शेजारची पंचविशीतली सोलेल, पंचावन्नची नाही. १९४८ च्या कायद्याचे सतरावे कलम याबाबत स्पष्ट होते: कामाचा दर किलोवर असला आणि किमान वेतन दिवसावर ठरलेले असले, तर दिवसाच्या किमान वेतनापेक्षा कमी देता येणार नाही. वरचे शंभर रुपये मालकाने भरायचे. हे कलम किती जणींना ठाऊक असेल? आणि ते अमलात आणायचे ठरवले, तर मालक पंचावन्नच्या बाईला ठेवील का?

इथे ती भीती खरी ठरू शकते, आणि त्याला कारण आहे. काजूगराचा भाव डिचोलीत ठरत नाही. कच्च्या बिया आफ्रिकेतूनही येतात, गर देशभर आणि परदेशात विकला जातो, आणि व्हिएतनामचा गर समोर स्पर्धेला असतो. मजुरी वाढली म्हणून इथला कारखानदार किलोला शंभर रुपये वाढवू शकत नाही. अमेरिकेतल्या १३८ वाढींच्या अभ्यासातही नोकऱ्या घटल्याची चिन्हे दिसली ती अशाच, बाहेरच्या मालाशी स्पर्धा करणाऱ्या धंद्यांत. केरळने हे सविस्तर अनुभवले आहे. कोल्लमच्या काजू कारखान्यांना कायदे आणि मजुरीचे दर लागू झाले, तेव्हा काही मालकांनी काम घरोघर वाटले, त्याला तिथे कुडिवरुप्पू म्हणत. काहींनी कारखाने सीमेपलीकडे तमिळनाडूत नेले, जिथे मजुरी कमी होती. बायकांची कामे वाचावीत म्हणून केरळ सरकारला १९६९ साली काजू विकास महामंडळ काढावे लागले. डिचोलीहून दोडामार्ग तर मोटरसायकलने जाण्याइतके जवळ आहे. महाराष्ट्राचे दर वेगळे, परिमंडळाप्रमाणे बदलणारे. गोव्याने एकट्याने दर वाढवले तर काजूसारखा धंदा सीमा ओलांडू शकतो, हे धोरण ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायलाच हवे. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावावर चार पैसे जास्त मिळणार असतील, तर त्यातला वाटा सोलणारीच्या किलोच्या दरात यावा, ही मागणी आत्ताच केली पाहिजे. दुकानदाराच्या पाकिटावर ते मानांकन छापून भागणार नाही.

पेडण्याचे गणित वेगळे आहे. मोरजी, मांद्रे, हरमलच्या हॉटेलातली खोली झाडायला माणूस पेडण्यातच लागतो. ती खोली दोडामार्गला नेऊन झाडता येत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला, तिथली सफाई, सामान, पार्किंग, सगळे जागच्या जागी करायचे काम. इथे मजुरी वाढली तर तिचा भार गिऱ्हाइकावर टाकता येतो. हंगेरीने २००१-०२ मध्ये किमान वेतन जवळजवळ दुप्पट केले, तेव्हाच्या अभ्यासात दिसले की वाढीचा सुमारे तीन चतुर्थांश भार चढ्या किमतींतून ग्राहकांनी उचलला, उरलेला मालकांच्या नफ्यातून गेला, आणि नोकऱ्या फारशा गेल्या नाहीत. जर्मनीने २०१५ साली पहिल्यांदा देशभर ताशी साडेआठ युरोचा दर लावला. तिथेही नोकऱ्या घटल्या नाहीत; कमी पगारावरची माणसे लहान, कशीबशी चालणाऱ्या ठिकाणांहून मोठ्या, बऱ्या कंपन्यांत सरकली. पर्यटकाच्या बिलात खोलीमागे थोडे वाढले तर मांद्र्याचे हॉटेल बंद पडणार नाही. तेव्हा हॉटेल आणि विमानतळाच्या कंत्राटी कामांत किमान दर जोरात वाढवायला हरकत नाही, काजूत आणि निर्यातीच्या मालात तो वाढवताना दुसरी मदत जोडीला द्यावी लागेल, असे माझे मत आहे. सगळ्या धंद्यांना एकच फूटपट्टी लावणारे अहवाल हा फरक पुसून टाकतात.

आणखी एक प्रकार आहे, ज्यात मजुरी वाढली की काम खरोखर कमी होते, आणि त्याचे उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे. १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली, वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना. मागेल त्याला काम, हे तिचे वचन. मजुरी कमी होती, म्हणून ज्याला खरीच गरज आहे तोच येत असे. १९८८ मध्ये ही मजुरी शेतमजुरांच्या वाढीव किमान वेतनाच्या बरोबरीने जवळजवळ दुप्पट झाली. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधुरी यांनी त्यानंतरची हजेरी तपासली. मजुरी वाढल्यावर मागणी वाढायला हवी होती, पण कामावरची हजेरी घटली. कारण सरकारची थैली तेवढीच राहिली, म्हणून कामे कमी निघू लागली आणि हमीची जागा रांगेने घेतली. याचा अर्थ मजुरी वाढवणे चूक होते असा मी लावत नाही. ज्याने पैसे द्यायचे त्यानेच दर वाढवून तरतूद तेवढीच ठेवली, तर गरिबाला एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले जाते, एवढाच तो अर्थ आहे. अशा वेळी रांगेतून पहिला कोण गळतो? ज्याला अर्ज लिहिता येत नाही, ग्रामसेवकाशी बोलता येत नाही, तो.

शिक्षणाचा संबंध इथे सर्वांत घट्ट आहे. कायदा सर्वांना सारखा असला, तरी तो अमलात यायला तक्रार लागते आणि तक्रारीला कागद वाचावा लागतो. बारावी झालेली मुलगी पगारपत्रकावर मूळ वेतन, महागाई भत्ता, भविष्य निर्वाह निधीची कपात बघून कंत्राटदाराला दोन प्रश्न विचारते. तिच्या शेजारी उभी असलेली, झारखंड किंवा ओडिशातून आलेली बाई अंगठा उठवते आणि पाकीट घेते. कोष्टकात दोघी अकुशल, दर एकच, हातात पडणारा पैसा वेगळा. किमान वेतनाने कमी शिकलेल्यांची कामे जातात अशी हाकाटी होते, पण कमी शिकलेल्यांपर्यंत किमान वेतन पोचतच नाही ही अडचण कितीतरी मोठी आहे.

म्हणून दर वाढवण्याबरोबर दोन गोष्टी सरकारकडून मागून घ्याव्यात. झाडलोट, पॅकिंग, सोलणी, हमाली अशा कामांच्या भरतीत दहावीची अट कशासाठी, हे कारखानदाराला विचारले गेले पाहिजे, निदान सरकारी कंत्राटांत तरी. आणि हाताने काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय डिचोली आणि पेडण्याच्या आयटीआयमधून गावपातळीवर यावी. पूर्वी शिकलेल्या कौशल्याला मान्यता देण्याची योजना केंद्राने २०१५ पासून चालवली आहेच. ती पोकलेनच्या ऑपरेटरपर्यंत आणि काजूची प्रत हातावर ओळखणाऱ्या बाईपर्यंत न्यायची आहे.

बाकीचे आपल्याला करता येण्यासारखे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली. आता किमान वेतन ठराविक उद्योगांपुरते राहिलेले नाही, सर्व कामगारांना आहे. मालकाने पगाराची पावती देणे सक्तीचे आहे. थकलेल्या किमान वेतनासाठी पूर्वी सहा महिन्यांत दाद मागावी लागे, आता तीन वर्षांपर्यंत मागता येते. बुडवलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते, आणि पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे. कामगार आयुक्तांचे कार्यालय पणजीला पाटोवर, श्रमशक्ती भवनात आहे. हे वाचणाऱ्यांपैकी जे शिकलेले आहेत, त्यांनी आपल्या वाड्यावरच्या न शिकलेल्या एका तरी माणसाची या महिन्याची पावती मागून घ्यावी, दर पडताळावा, आणि कमी असेल तर अर्ज लिहून द्यावा.